दोन हिवाळे न फुललेली शेवंती

वाईच्या आत्याकडून २०१९च्या मे महिन्यात मी शेवंतीची पिल्लं, म्हणजे झाडाच्या बुडातून फुटलेली रोपं, आणली. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली, वरून पिशवी, आणि एसटीत सगळा वेळ मांडीवर. या जातीचं नाव आमच्याकडे कुणालाच माहीत नाही. बाजारात झिपरी, राजा, रेवडी अशी नावं ऐकू येतात. ही त्यातल्या झिपरीच्या जवळपास जाते, पण फूल जरा लहान आणि वास जास्त. आत्या तिला नुसतं ‘आपली शेवंती’ म्हणते.

पुण्यात आमच्या पहिल्या मजल्यावरच्या घराला लागून टेरेस आहे. तिथे नऊ कुंड्यांत ती लावली. २०१९, २०२० आणि २०२१ अशी तीन वर्षं दिवाळीच्या आगेमागे कळ्या धरायची आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारांना परडी भरून फुलं द्यायची. २०२२ला एकही कळी आली नाही. २०२३ची दिवाळी आली तरी तेच. झाडं मात्र ठणठणीत. पानं गर्द, फांद्या कंबरेपर्यंत, रोग नाही, कीड नाही. बघणारा म्हणायचा, काय सुंदर शेवंती आहे हो तुमची. फुलं कधी येतात?

ही त्या दोन वर्षांची हकिगत. चुकीच्या वाटांसकट लिहिते आहे, कारण त्या वाटांवर माझा वेळ आणि पैसा दोन्ही गेले, आणि त्याच वाटांवर दुसरं कुणीतरी आत्ता असणार याची मला खात्री आहे.

पहिल्या वर्षी दोष पावसावर टाकला. त्याला कारणही होतं. २०२२चा ऑक्टोबर पुणेकरांच्या लक्षात असेल. परतीच्या पावसानं रस्त्यांच्या नद्या झाल्या होत्या. कुंड्यांतली माती आठवडा आठवडा वाफशावर येत नव्हती. शेवंतीला पाय ओले चालत नाहीत, हे कुणीही सांगेल. मुळं गुदमरली असतील, कळी धरायच्या वेळी झाडाला ताण बसला असेल, असं मी ठरवून टाकलं आणि पुढच्या वर्षाची वाट बघत बसले.

पण मुळं खरंच गुदमरली असती तर झाड तसं दिसलं असतं. खालची पानं काळी पडली असती, शेंडे माना टाकून बसले असते. माझी झाडं तर जोमात होती. हे तेव्हाही डोळ्यांसमोर होतं. समोर तयार कारण असलं की माणूस झाडाकडे बघत नाही, कारणाकडे बघतो.

२०२३चा पाऊस उलटा. ऑगस्ट जवळजवळ कोरडा गेला, नळाचं पाणी घालून झाडं जगवली. त्यामुळे पावसाचं कारण बाद. सप्टेंबरमध्ये मी औंधच्या एका काकांची गच्ची बघायला गेले. त्यांच्याकडे साठेक कुंड्या आहेत आणि प्रत्येक कुंडीत आईस्क्रीमची काडी खोचलेली. काडीवर तारीख आणि काय दिलं ते. ‘१२/८, शेणखत १ मूठ.’ ‘२७/८, शेंडा खुडला.’ मी तिथे तासभर काड्याच वाचत होते. काकांनी माझ्या झाडाचा फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, “जीवामृत किती वेळा घालता?”

“दर आठवड्याला.”

“मग पानंच येणार! तुम्ही तिला फुलायला फुरसतच देत नाही आहात.”

हे पटण्यासारखं होतं. जीवामृत म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेलं पातळ खत. नत्र जास्त झालं की झाड पाल्यावर जातं, हा बागकामातला पहिला धडा. घरी येऊन जीवामृत बंद केलं, कुंडीच्या कडेनं चुलीतली राख चिमूट चिमूट दिली. पंधरा दिवसांत काही होईना म्हणून खतांच्या दुकानात गेले. दुकानदारानं ‘शून्य-बावन्न-चौतीस’ची पुडी दिली. नत्र शून्य, स्फुरद बावन्न, पालाश चौतीस. शेतकरी फूल आणि फळ धरण्यासाठी ते फवारतात. बरोबर एक टॉनिकची बाटलीही त्यानं गळ्यात मारली. तिच्या लेबलावर द्राक्षं, डाळिंब, टोमॅटो आणि एक हसरा शेतकरी होता. आत काय आहे ते काही लिहिलेलं नव्हतं. एका लिटरला दोन ग्रॅम या मापानं पुडीतलं खत संध्याकाळी तीन वेळा फवारलं. टॉनिक जास्वंदीला घातलं. जास्वंदीनंही दखल घेतली नाही.

काकांचा सल्ला माझ्या झाडापुरता चुकला, पण वाया गेला नाही. काड्यांवर तारीख लिहायची सवय मी तिथून उचलली, आणि पुढे जे सापडलं ते त्या तारखांमुळेच पक्कं करता आलं.

भाऊबिजेला वाईला गेलो. आत्याचं परस मी लहानपणापासून बघत आले आहे, पण त्या दिवशी पहिल्यांदा तपासणीला आल्यासारखी फिरले. नहाणीचं पाणी कर्दळीतून अळूला आणि अळूतून केळीला जातं. तुळशीवृंदावनाच्या मागे दगडी भिंत, आणि भिंतीच्या पायथ्याशी शेवंतीची रांग. पिवळीधमक! माझ्या झाडांची ही सख्खी आई. त्याच मुळावरून निघालेली, जातीचा फरक शून्य. त्यामुळे ‘जात खराब झाली’ हे कारण तिथल्या तिथे मिटलं. बागा बघत हिंडण्यातला खरा फायदा मला विचाराल तर हाच आहे. दुसऱ्याची सुंदर बाग बघून हुरूप येतो, तो दोन दिवस टिकतो. पण आपल्याच झाडाचं भावंड दुसऱ्या अंगणात काय करतंय ते बघायला मिळालं, तर तुलना करता येते, आणि तुलनेतून कारण सापडतं.

मी आत्याला एकेक विचारत गेले. खत? “शेण असतंच की गं खाली, वेगळं काय घालायचं!” पाणी? एक दिवसाआड. शेंडे कधी खुडतेस? “झेंडावंदनापर्यंत. त्यानंतर शेवंतीच्या शेंड्याला हात लावायचा नाही.” मी गणपतीपर्यंत खुडत होते. हा एक फरक निघाला, पण त्यानं फुलं महिनाभर पुढे जातील, गायब होणार नाहीत. ऊन? तिच्याकडे माझ्यापेक्षा कमीच. दुपारी दोननंतर भिंतीची सावली येते.

मग आम्ही पावट्याच्या मांडवाकडे गेलो. मांडव अंगणापासून गल्लीच्या कुंपणापर्यंत पसरलेला. आतल्या बाजूला घोसच्या घोस पांढरी फुलं आणि कोवळ्या शेंगा. गल्लीच्या बाजूला नुसता पाला, तोही इतका दाट की खालची जमीन दिसेना. मी आपली पाल्याचं कौतुक करायला लागले. आत्या वैतागून म्हणाली, “त्या बाजूचं काही सांगू नकोस. गल्लीत तो नवा दिवा लागलाय ना, तेव्हापासून तिकडे शेंगच धरत नाही. रात्रभर भगभगाट. मला झोप नाही आणि वेलालाही नाही.”

मी “हो ना” म्हटलं आणि पुढे कढीपत्त्याकडे वळले. इतकं स्पष्ट सांगितलेलं माझ्या डोक्यात शिरलंच नाही. मला वाटलं, म्हातारपणी झोप लागत नाही म्हणून दिव्यावर राग.

पुण्याला परतल्यावर दुसऱ्या दिवशी रात्री अकराच्या सुमारास वाळत घातलेले कपडे काढायला टेरेसवर गेले. दिवा लावला नव्हता, लावायची गरजच पडली नाही. टेरेसच्या पांढऱ्या भिंतीवर शेवंतीची सावली पडली होती. धूसर नव्हे, कातरलेल्या कडा मोजता येतील इतकी रेखीव. मी हात पुढे केला, पाच बोटं भिंतीवर उमटली. आतून पेपर आणला. मथळेच काय, छोट्या जाहिरातींतलं बारीक अक्षरही वाचता येत होतं.

कंपाउंडच्या कोपऱ्यातला खांब आमच्या टेरेसपासून वीसेक फुटांवर आहे आणि त्यावरचा एलईडी दिवा बरोबर आमच्या कठड्याच्या वर येतो. पार्किंगमधून दोन सायकली चोरीला गेल्यावर सोसायटीनं तो बसवला. कधी बसवला ते मोबाइलमधल्या जुन्या फोटोंवरून काढलं: फेब्रुवारी २०२२. शेवटची फुलं डिसेंबर २०२१ची.

इथे थोडं शास्त्र सांगायला हवं, कारण ‘झाडाला झोप लागत नाही’ एवढ्यावर थांबलं तर पुढचं पटणार नाही.

शेवंती ही लहान दिवसाची वनस्पती. म्हणजे दिवस आखडायला लागले की कळी धरणारी. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि ॲलार्ड या दोघांनी १९२० साली तंबाखू आणि सोयाबीनवरच्या प्रयोगांतून दाखवलं की काही झाडं फुलायची वेळ दिवसाच्या लांबीवरून ठरवतात. पुढे १९३८मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी गोखरूच्या जातीतल्या एका तणावर प्रयोग करून त्यात दुरुस्ती केली: झाड दिवस मोजत नाही, रात्र मोजतं. दिवस लहान ठेवला पण लांब रात्रीच्या मध्येच थोडा वेळ उजेड दाखवला, तर झाडाच्या लेखी ती लांब रात्र मोडली आणि फूल येत नाही. याचं कारण पानांतलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य. लाल किरण पडले की ते एका रूपात जातं, अंधारात हळूहळू परत मूळ रूपाकडे येतं. परत यायला सलग अंधार लागतो. पांढऱ्या एलईडीत लाल किरण असतात, आणि त्या कामाला उजेडही फार लागत नाही. उन्हाच्या मानानं तो काहीच नसतो, म्हणून दिवसा आपल्याला त्याचा संशयही येत नाही.

पुण्यात २१ जूनला दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो आणि २१ डिसेंबरला अकरा तासांचा. सप्टेंबरच्या शेवटी दिवस-रात्र बरोबरीला येतात आणि त्यानंतर रात्र मोठी होत जाते. हाच शेवंतीचा कळी धरायचा काळ. पॉलिहाउसमध्ये शेवंती करणारे याच गोष्टीचा वापर करतात: दांडा लांब हवा असेल तोवर रात्री दिवे लावून झाडाला फुलू द्यायचं नाही, आणि फूल हवं झालं की काळं कापड ओढून रात्र लांबवायची. माझ्या टेरेसवर पहिला अर्धा भाग सोसायटीच्या खर्चानं चालू होता. दुसरा अर्धा करायचा राहिला होता.

पावट्याचंही तेच. आपल्याकडच्या जुन्या वेलपावट्याच्या आणि वालाच्या जाती कधीही लावा, शेंग थंडीतच धरतात, कारण त्याही रात्र मोजतात. अंबाडीही त्यातलीच. आत्यानं मांडवाखाली उभं राहून जे सांगितलं त्यात चूक शोधायला जागा नव्हती.

पण एवढ्यावरून दिव्यावर आरोप ठेवला असता तर तो पावसासारखाच अंदाज झाला असता. म्हणून १८ नोव्हेंबरच्या शनिवारी नऊ कुंड्यांचे तीन गट केले. तीन कुंड्या होत्या तिथेच, पण रोज संध्याकाळी सहाला त्यांच्यावर मोठी खोकी पालथी घालायची आणि सकाळी साडेसातला काढायची. खोकी वॉशिंग मशीनच्या दुकानातून मागून आणली. फटींना आतून काळा कागद चिकटवला. तीन कुंड्या पाण्याच्या टाकीमागे, जिथे दिव्याचा उजेड पोचत नाही पण ऊनही जेमतेम तीन तास मिळतं. उरलेल्या तीन जशाच्या तशा, दिव्यासमोर. पाणी सगळ्यांना सारखं, खत कुणालाच नाही. काड्यांवर तारखा.

नवरा म्हणाला, “कोंबड्या डालल्यासारखं काय करतेस रोज?” आठवड्यानं तोच सहा वाजता खोकी घालायला लागला.

मध्ये एका लग्नासाठी दोन रात्री बाहेर होतो, तेव्हा खोकी घालायची राहिली. ते इथे मुद्दाम नोंदवते, कारण प्रयोग लिहिताना अशा गोष्टी गाळायचा मोह होतो.

डोळ्यांना काही दिसायच्या आधी बोटांना कळलं. ११ डिसेंबरला, तेविसाव्या दिवशी, खोक्याखालच्या एका झाडाचा शेंडा चिमटीत धरला तर तो नेहमीसारखा मऊ, पानांच्या पंज्यासारखा लागला नाही. मध्यभागी मोहरीएवढी घट्ट गाठ होती. भिंगातून पाहिलं तर हिरव्या खवल्यांची टोपी घातलेली कळी. त्या झाडावर अशा अकरा मोजल्या. टाकीमागच्या कुंड्यांना आठवड्यानं कळ्या आल्या, पण थोड्या. ऊन कमी पडल्याची ती किंमत. दिव्यासमोरच्या तीनपैकी दोन कोऱ्याच राहिल्या. तिसऱ्या झाडाची एक खालची फांदी जास्वंदीच्या दाट पाल्याआड गेली होती. फक्त त्या फांदीवर चार कळ्या आल्या. एकाच झाडावर, एकाच मुळावर. माझ्या मते सगळ्या प्रयोगातला सगळ्यात भक्कम पुरावा तो होता, आणि तो मी ठरवून केलेला नव्हता.

डिसेंबरातच प्रभात रोडवरच्या एका जुन्या बंगल्याची बाग पाहायला मिळाली. फाटकाजवळ पॉइन्सेटियाचं पुरुषभर झाड. त्याची लाल दिसतात ती फुलं नव्हेत, पानंच. पण ती लाल व्हायलाही लांब रात्र लागते. भिंतीकडची बाजू लालभडक आणि फाटकावरच्या दिव्याकडची हिरवी, मधे सुरीनं कापल्यासारखी रेघ. तिथल्या वहिनी सांगत होत्या की त्या बाजूला दोन वर्षं झाली खत घालतायत. मी दिव्याकडे बोट दाखवलं. त्या आधी हसल्या, मग वर बघून गप्प झाल्या.

खोक्यांखालची शेवंती २७ जानेवारीच्या सुमाराला पूर्ण उमलली. खोकी घालायला सुरुवात केल्यापासून सत्तर दिवस. नेमकं तेव्हाच एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन चालू होतं. तिथल्या शेवंत्या बशीएवढ्या आणि माझ्या रुपयाएवढ्या, तरी मी त्या वर्षी फार भाव खाल्ला.

आता दिवा. कायमचं रोज संध्याकाळी खोकी घालणं जमणारं नव्हतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये दिवा अकरानंतर बंद करता येईल का असं विचारलं. सेक्रेटरी म्हणाले, “ताई, तुमच्या फुलांसाठी चोरांना आत घ्यायचं का?” त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. शिवाय अकराला बंद करून शेवंतीचं भागलंही नसतं. सहा ते अकरा म्हणजे पाच तासांचा उजेड उरतोच, आणि उरलेली रात्र तिला अपुरी पडते. टायमरचा विषय मी स्वतःच मागे घेतला.

उपाय शेवटी तेलाच्या पंधरा किलोच्या पत्र्याच्या डब्यानं केला. फॅब्रिकेशनवाल्याकडून तो उभा अर्धा कापून घेतला, आतून पांढरा रंग दिला आणि दिव्याच्या टेरेसकडच्या बाजूला झापडासारखा बसवला. रंगासकट खर्च तीनशेच्या आत. उजेड वर आणि आमच्याकडे सांडायचा तो खाली पार्किंगमध्ये पडू लागला, त्यामुळे सायकली आधीपेक्षा नीट दिसतात. परवानगी मिळायला मात्र मार्चपासून ऑगस्ट लागला. ती मिळाली तीही शेवंतीमुळे नव्हे; दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांच्या बेडरूममध्ये तोच दिवा घुसत होता आणि त्यांनी लेखी तक्रार दिली.

त्या वर्षीचं, म्हणजे २०२४चं, वेळापत्रक काड्यांवरून उतरवून देते. पुण्याच्या हवेतलं आहे. कोकणात पावसामुळे आणि विदर्भात उन्हामुळे त्यात फरक करावा लागेल.

फुलं संपल्यावर फेब्रुवारीत झाडं जमिनीपासून चार बोटं ठेवून छाटली. उन्हाळाभर ती कुंडीत नुसती जिवंत ठेवायची. एप्रिल-मेमध्ये दुपारचं ऊन लागणार नाही अशी जागा, आणि पाणी बेताचं. या काळात बुडातून पिल्लं फुटतात, शेतकरी त्यांना काशा म्हणतात. जुनं खोड पुन्हा वापरण्यात अर्थ नाही. त्याला फूल येतं, पण बारीक आणि बुटकं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, मृगाचे दोन पाऊस झाल्यावर, पिल्लं मुळासकट सोडवून वेगळी केली. त्याच वेळी बोटभर लांबीचे शेंडेही कापून वाळू आणि कोकोपीटमध्ये खोचले. खालची पानं काढायची, वरची चार ठेवायची. तीन आठवड्यांत मुळं धरतात. पिल्लांपेक्षा शेंड्यांची झाडं मला जास्त एकसारखी मिळाली.

जुलैत दहा इंची कुंडीत बदली. दोन भाग माती, एक भाग जुनं शेणखत, एक भाग जाड वाळू. कुंडी थेट फरशीवर ठेवायची नाही, खाली विटेचे दोन तुकडे. हे मी एका कुंडीला केलं नाही. जुलैच्या शेवटच्या आठवड्यातल्या पावसात पुण्यात घराघरांत पाणी शिरलं होतं, त्यात त्या कुंडीचं भोक फरशीला चिकटून बंद झालं आणि झाड चार दिवसांत कुजलं. २०२२ला ज्या मुळकुजीचा मी अंदाज बांधला होता ती प्रत्यक्षात कशी दिसते ते तेव्हा बघितलं: शेंडा दुपारी मान टाकतो, संध्याकाळी उचलत नाही, आणि खोड बुडाशी दाबलं की बोट आत जातं. नऊची आठ झाली.

झाड वीतभर झाल्यावर पहिला शेंडा खुडला, बाजूच्या फांद्या वीतभर झाल्यावर दुसऱ्यांदा. शेवटचं खुडणं १४ ऑगस्टला, आत्याच्या नियमानं. मग काही नाही. दर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत, तेही सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. फांद्या वाकू नयेत म्हणून तुराट्या खोचून सुतळीनं सैल बांधलं. ऑक्टोबरात ढगाळ हवेत कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा आला. दोन वेळा नुसत्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुतला, तिसऱ्यांदा लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थेंबभर भांड्यांचा साबण. ऊन उतरल्यावर फवारायचं, नाहीतर पानं करपतात. कळ्या दिसू लागल्या की तेलही बंद.

पहिली कळी ६ ऑक्टोबरला हाताला लागली. दिवाळी नोव्हेंबरच्या सुरुवातीला होती, ती थोडक्यात हुकली. पण ५ डिसेंबरला, मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी, आठही कुंड्या भरल्या होत्या. परडी भरून वर दोन शेजारणींना वाटलं.

कुणाची शेवंती, पॉइन्सेटिया किंवा पावटा असा हटून बसला असेल, तर खतांच्या दुकानात जायच्या आधी एक काम करा. रात्री दहानंतर, घरातले दिवे घालवून, झाडापाशी पेपर घेऊन उभे राहा. बारीक अक्षर वाचता आलं तर आधी उजेडाचं बघा. ही काही प्रयोगशाळेतली कसोटी नाही, माझ्या टेरेसपुरता बांधलेला आडाखा आहे, पण फुकट आहे. आणि झाड हिरवंगार असताना फुलत नसेल तेव्हाच त्याचा उपयोग. पानं पिवळी, खोड किरटं असेल तर दिव्याला दोष देऊ नका. तिथे मुळं, माती, ऊन हेच बघायचं. मोगरा, जास्वंद, सदाफुली यांचंही रात्रीच्या दिव्याशी असं भांडण नाही. मोगरा फुलत नसेल तर बहुतेक वेळा थंडीत त्याचं पाणी तोडून छाटणी केलेली नसते.

दुसऱ्यांच्या बागा बघायला मी अजूनही जाते, पण आता सकाळबरोबर संध्याकाळी उशिराही एक चक्कर मारते. आणि काय छान आलंय हे विचारण्याआधी काय येत नाहीये ते विचारते. माणसं आधी अवघडतात, मग मात्र तासभर बोलतात.

गेल्या जूनमध्ये पिल्लं वेगळी करत होते तेव्हा सेक्रेटरी जिन्यातून जाताना थांबले. म्हणाले, “आम्हालाही द्या दोन. बाल्कनीत लावतो.” त्यांच्या बाल्कनीसमोर कंपाउंडचा दुसरा खांब आहे, त्यावर तसाच दिवा. मी दोन पिल्लं दिली, आणि तेलाचा एक रिकामा डबाही.